घरी परतलेल्या हृदयरुग्णाची काळजी कोण वाहणार?

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वैद्यकशास्त्र यांविषयी आज जी चर्चा चालते, तिचा रोख बहुधा निदानाकडे असतो. डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेला दोष यंत्राने ईसीजीत शोधून काढला, ही बातमी वाचकाला सुखावते. तिच्यात तथ्यही आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 22 हजार 641 प्रौढांवर घेतलेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती क्षीण झाल्याचे निदान डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने केले, तेथे त्याचे प्रमाण 1.6 टक्के भरले. यंत्राची सूचना हाती असता ते 2.1 टक्के झाले. सुधारणा खरीच. परंतु निदान झालेला रुग्ण औषधांची पिशवी घेऊन घरी जातो, त्यानंतर त्याचे काय होते?

याचे उत्तर तिरुवनंतपुरम येथे पद्धतशीरपणे शोधण्यात आले. त्या जिल्ह्यातील रुग्णालयांत 2013 साली हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय दुबळे पडल्यामुळे दाखल झालेल्या 1 हजार 205 रुग्णांची नोंद ठेवली गेली. वर्षभरात त्यांपैकी जवळजवळ 31 टक्के रुग्ण दगावले. ज्यांची हृदयशक्ती घटलेली होती, त्यांच्यातील केवळ चौथ्या हिश्शाला घरी सोडताना शास्त्रसंमत अशी पूर्ण औषधयोजना मिळालेली होती. आणि ही कथा केरळची, जेथील आरोग्यव्यवस्थेचे दाखले आपण इतर राज्यांना देत असतो!

हे मृत्यू बहुधा आकस्मिक नसतात. दोनतीन दिवसांत वजन दोन किलोने वाढते, घोटे सुजतात, रात्री एका उशीवर झोपवत नाही. शरीरात पाणी साचू लागल्याची ही लक्षणे. रुग्ण मात्र ती वयाच्या खाती टाकतो, आणि श्वास कोंडला की मगच धावपळ सुरू होते. यंत्राचे खरे काम येथे आहे. रोज सकाळी मोबाइलवरून त्याच्या बोलीत वजन विचारावे, गोळ्या घेतल्या का याची चौकशी करावी, त्याच्याच मागील नोंदींशी तुलना करावी आणि फरक दिसताच परिचारिकेला कळवावे. यात नेत्रदीपक असे काही नाही. म्हणूनच कदाचित कोणी त्याच्या मागे लागत नाही. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला आहे. घरी सोडतानाचा कागद मात्र आजही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच मिळतो.

तथापि केवळ भाषांतराने भागणार नाही. आपला रुग्ण पाश्चात्त्य रुग्णाहून वेगळा आहे. बालपणी घशाला झालेल्या संसर्गातून ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या, असे तरुण स्त्री-पुरुष संपन्न देशांत आता क्वचितच आढळतात; आपल्याकडे ते आजही रुग्णालयांच्या रांगेत उभे असतात. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढले वा घटले तरी त्या गोळीचा परिणाम बदलतो. परदेशी नोंदींवर पोसलेले यंत्र ब्रोकोलीविषयी सावध करील. मेथी, शेपू आणि अळूच्या फतफत्याविषयी त्याला कोण शिकविणार? निर्जळी एकादशीला लघवीची गोळी घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत दर पंधरवड्याला उद्भवतो, आणि डॉक्टरांना न विचारताच निकालात निघतो. यंत्राने तो स्वतः सोडविण्याचे धाडस करू नये. मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचेच काम. प्रश्न वेळेवर त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, एवढे यंत्राचे. छातीत कळ आली असता तर संभाषण थांबवून त्याने थेट 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायला सांगावे.

हे शिक्षण परक्यांनी द्यावे अशी अपेक्षा व्यर्थ होय. आयात झडपा सामान्य माणसाला परवडत नव्हत्या, तेव्हा तिरुवनंतपुरमच्याच श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी देशी झडप घडविण्याचा ध्यास घेतला. पहिले तीन नमुने फसले. चौथा टिकला, आणि डिसेंबर 1990 मध्ये ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. आज अशा एक लाखाहून अधिक झडपा बसविल्या गेल्या आहेत. झडपेला धातू व प्लास्टिक लागते, तर बुद्धिमान यंत्राला नोंदी लागतात. आणि त्या आपल्याकडे विपुल असूनही धुळीत पडून आहेत. जिल्हा रुग्णालयातील ईसीजीची पट्टी रुग्णाच्या पिशवीत पिवळी पडते.

नोंदी गोळा करताना त्यांचा मालक कोण, हे आधीच निश्चित व्हावयास हवे. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला असला, तरी पायाला सूज आलेल्या खेडूताकडून मोबाइलच्या पडद्यावर अंगठा दाबून घेणे म्हणजे संमती नव्हे. त्याची नोंद कोठे जाईल आणि ती विमा कंपनीच्या हाती पडणार नाही ना, हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस लागेल. ‘आशा’ सेविका हे करू शकते. मात्र तिच्या आधीच्या कामांच्या यादीत हे विनामोबदला घुसडले जाऊ नये.