दीर्घ श्वसनविकाराच्या रुग्णांना घरपोच उपशामक सेवा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सीओपीडी, सिलिकोसिस किंवा क्षय बरा होऊनही फुफ्फुसे निकामी झालेल्या रुग्णांच्या घरची आम्ही माणसे. यांत दगडखाणीत राबलेले पुरुष आहेत, तशा विडीला कधी हात न लावता जन्मभर चुलीच्या धुरात बसलेल्या बायकाही आहेत. आजार बरा होणार नाही, हे आम्ही जाणतो. मागणी धाप कमी करण्याची आहे.

राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम 2012 पासून आहे. तरी ही सेवा कर्करोग्यांचीच, असा समज रुळला आहे. आमचा रुग्ण वर्षानुवर्षे झिजतो, अत्यवस्थ होतो, सावरतो, पण पूर्वीइतका नाही. त्याचे किती महिने उरले, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून आयुर्मानाची अट न घालता, अंघोळ करताना किंवा कपडे बदलताना धाप लागणाऱ्याची नोंद या सेवेत करावी. पंप व इतर औषधे अर्थातच चालू राहावीत.

सर्वांत मोठी निकड विजेची. घरी ऑक्सिजन लागणाऱ्यांना डॉक्टर दिवसाला किमान 15 तास सांगतात. पाच लिटरचे कॉन्सन्ट्रेटर 350 वॅटचे धरले, तर महिन्याला दीडशेहून अधिक युनिट एकट्या यंत्राचे होतात आणि शंभर युनिटांपुढचा महाग दर लागू होतो. मग बिलाच्या धास्तीने म्हातारा माणूस स्वतःच बटण बंद करतो. वैद्यकीय प्रमाणपत्रावर वीजदरात सवलत द्यावी. जेथे वीज वारंवार जाते तेथे भरलेला सिलिंडर घरी ठेवावा. कोरोनाकाळातील यंत्रे कोठे पडून असतील, तर ती दुरुस्त करून रुग्णांना वापरायला द्यावीत.

सर्व उपचारांनंतरही न थांबणाऱ्या धापेवर तोंडी मॉर्फिनची अल्प मात्रा काहींना उपयोगी पडते. सर्वांना नाही; शिवाय गुंगी, बद्धकोष्ठता व श्वासाची गती यांवर लक्ष ठेवावे लागते. अमली पदार्थविषयक कायद्याच्या 2014 मधील दुरुस्तीने मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी केली आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे औषध आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा. परिचारिकेने घरी येऊन ओठ आवळून श्वास सोडणे, पुढे वाकून बसणे, तोंडाशी छोटा पंखा धरणे शिकवावे. एवढ्याने रात्रीची घबराट पुष्कळ उतरते.

व्हेंटिलेटर हवा की नको, हे रुग्णाला शुद्धीत असताना विचारावे. असे उपचार आधीच नाकारून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला व 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मुलांकडून घाईने सही घेणे थांबावे.

थंडीत रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अधिक वेळा येते. निदान वीजसवलतीचा निर्णय येत्या हिवाळ्यापूर्वी व्हावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
रुग्ण व त्यांचे कुटुंबीय