प्रसूतीची निवड : कोणाच्या हाती?

रुग्णालयाबाहेर, प्रशिक्षित प्रसविकांनी चालविलेल्या केंद्रात बाळंत होणे म्हणजे अडाणीपणाकडे परत जाणे होय, असा गिल्ला काही मंडळी करीत असतात. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. इंग्लंडमध्ये अशी केंद्रे सार्वजनिक आरोग्यसेवेचाच भाग आहेत. तेथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'बर्थप्लेस' अभ्यासात कमी जोखमीच्या सुमारे ६४,५०० प्रसूती तपासण्यात आल्या. रुग्णालयापासून दूर असलेल्या या केंद्रांत बाळांना अधिक धोका आढळला नाही. सिझेरियनचे प्रमाण मात्र डॉक्टरांच्या विभागात सुमारे ११ टक्के, तर या केंद्रांची निवड केलेल्या स्त्रियांत ३.५ टक्के होते.

परंतु याच अभ्यासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केंद्र निवडणाऱ्या पहिलटकरणींपैकी सुमारे ३६ टक्के स्त्रियांना रुग्णालयात हलवावे लागले. म्हणजेच केंद्राची सुरक्षितता एकट्या प्रसविकेच्या कौशल्यावर नव्हे, तर दाराशी येणारी रुग्णवाहिका आणि पैसे न मागता उघडणारे रुग्णालय यांवर उभी आहे. हा आधार काढून घेऊन 'निवडीचे स्वातंत्र्य' बहाल करणे ही शुद्ध फसवणूक होय!

आपल्या देशात काय चालले आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. रुग्णालयाचे दार बदलले म्हणून स्त्रीचे शरीर बदलते काय? एवढ्या मोठ्या तफावतीचा उलगडा केवळ वैद्यकशास्त्राने होत नाही. तेथे बिलाचे गणित पाहावे लागते. केंद्र सरकारने २०१८ साली प्रसविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण ठरविले. परंतु पुरेशी पदे, योग्य वेतन आणि निर्णयाचा अधिकार यांवाचून तत्त्वे कागदावरच राहतात.

एकीकडे नफ्यासाठी चालणारी सुरी, दुसरीकडे खर्चकपातीसाठी पुढे केलेला स्वस्त पर्याय. कष्टकरी स्त्रीने या दोहोंतून निवड का करावी? सन्मानाने बाळंत होण्याचा हक्क तिचा आहे. म्हणूनच प्रसविकांची कायम भरती, सार्वजनिक प्रसूतिकेंद्रे, चोवीस तास रुग्णवाहिका आणि सुसज्ज सरकारी रुग्णालये या मागण्या एकत्रच लढविल्या पाहिजेत. त्या सुट्या केल्या, की 'निवड' हा शब्द तेवढा उरतो.