फवारणी मजुरांच्या रक्ततपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वाशीम

विषय : फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची हंगामाआधी व हंगामात तपासणी होणेबाबत.

महोदय,

आम्ही इंझोरी (ता. मानोरा) येथील रोजंदारीने फवारणी करणारे मजूर व अल्पभूधारक शेतकरी आहोत. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर मास्क-हातमोज्यांची किट वाटली गेली, फोटोही निघाले. भादव्याच्या उन्हात ती घालून दिवसभर पंप वाहता येत नाही, हे वाटणाऱ्यांनाही ठाऊक असावे. कपाशी छातीच्या वर गेली की फवारा तोंडावरच येतो. गळक्या पंपाने सदऱ्याची पाठ भिजते आणि मजूर त्याच सदऱ्यावर दुसऱ्याच्या वावरात जातो.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारख्या औषधांनी रक्तातील कोलिनेस्टरेज (नसांच्या कामाला लागणारे विकर) घटते. त्याची पातळी मुळातच माणसागणिक वेगळी असते. त्यामुळे हंगामाआधीचा आकडा नसेल, तर दवाखान्यात भरती झाल्यावर घट किती झाली हे नेमके सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात लाल पेशींतील पातळी मूळच्या 70 टक्क्यांवर आली की मजुराला या औषधांपासून दूर ठेवतात. आपल्याकडेही शिशाचे काम करणाऱ्या कारखाना कामगारांच्या तपासणीचे नियम आहेत. कीटकनाशके नियम 1971 मधील नियम 37 तर अशा औषधांशी संबंध येणाऱ्यांची कोलिनेस्टरेज तपासणी दरमहा करायला सांगतो. पण आमचा मालक रोज बदलतो, म्हणून ती जबाबदारी कोणाच्याच अंगावर येत नाही.

म्हणून पहिल्या फवारणीआधी गावात शिबिर घेऊन प्रत्येकाची मूळ पातळी नोंदवावी व ते कार्ड मजुराजवळच द्यावे. पुढे फवारणी संपेपर्यंत दरमहा तपासणी व्हावी. औषध कालवणाऱ्या आणि पाणी आणून देणाऱ्या बायांनाही त्यात घ्यावे. त्यांची नावे नेहमी राहून जातात. सगळ्याच औषधांचा परिणाम या तपासणीत दिसत नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी लक्षणे असलेल्याला डॉक्टरांनी वेगळे तपासावे.

सर्वांत महत्त्वाचे, ज्याची पातळी उतरली त्याला ती सावरेपर्यंत रोजगार हमीचे दुसरे काम मिळावे. रोजी बुडणार असेल, तर रक्त द्यायला कोणी हात पुढे करणार नाही.

झालेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.

आपले,
फवारणी मजूर व शेतकरी, इंझोरी
(सह्या व अंगठे सोबत)

प्रत : जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, वाशीम