बाईचं बोलणं आणि यंत्राचे कान

हल्ली संस्थांमध्ये नवीच टूम निघाली आहे. गुणात्मक संशोधन म्हणे! मोबाईलवर मुलाखत रेकॉर्ड करा, यंत्राकडून उतरवून घ्या आणि सॉफ्टवेअरलाच विचारा, यातले मुख्य विषय कोणते? आठवड्याचं काम तासात. मुलचेऱ्यात काम करताना याला विरोध करणं मला भाग आहे.

आमच्या तालुक्यात एका दिवसात माडिया, तेलुगू, मराठी आणि निर्वासितांच्या वसाहतींतली बंगाली कानावर पडते. 'अंगावरून जातं' एवढं सांगायला बाई दोनदा इकडेतिकडे बघते. सासू दारात आली की बोलणं धानाच्या रोवणीवर नेते. उतरवलेल्या कागदावर रोवणी येते, सासू येत नाही. मग सॉफ्टवेअर सांगतं, मुख्य विषय शेती!

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी तक्रार सांगितली ५५ टक्क्यांनी. तपासणीत स्त्रीरोग निघाले ९२ टक्क्यांना. जे बोललंच गेलं नाही, ते यंत्र कुठून उतरवणार?

आणि फोन कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातल्या ४६.६ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. 'फोनवरच मुलाखती घेऊ' म्हणणाऱ्यांना नवऱ्याच्या फोनवर, तो शेजारी बसलेला असताना, मारहाणीबद्दल विचारायचं आहे काय?

जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. मोहाची कोण गाळतो हे सांगणारीचा आवाज कुठल्या सर्व्हरवर पडून राहतो, कोण ऐकतं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट आहे. तिने मात्र त्याच गावात राहायचं आहे.

यंत्राशी माझं वैर नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पातल्या लाखभर जात्यावरच्या ओव्या संगणकात गेल्या, २०१७ पासून 'पारी'वर येऊ लागल्या. पण त्याआधी गावोगाव बसून त्या ऐकल्या, हाताने लिहून घेतल्या गेल्या होत्या. आज सॉफ्टवेअरचं शुल्क मंजूर होतं आणि दुभाषीच्या मजुरीला कात्री लागते. हे उलटं करा. उतरवायचं काम तिची भाषा जाणणाऱ्या, पण दुसऱ्या गावातल्या मुलीला द्या, आणि पुरते पैसे द्या. रेकॉर्डिंग आधी बाईला ऐकवा. 'हे पुसा' म्हणाली, तर तिच्यासमोर पुसा.