आधी जनरेटर तपासा, मग सर्किट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आज काही शे रुपयांत फंक्शन जनरेटरचे किट मिळते आणि काही हजारांत दोन चॅनेलचा, रंगीत पडद्याचा तयार जनरेटर. पूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर क्वचित दिसणारे हे उपकरण आता आयटीआयच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात आणि हॅम मंडळींच्या शॅकमध्ये पोहोचले आहे. या बदलाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. चिंता आहे ती वेगळीच. जनरेटर विकताना एकच आकडा पुढे केला जातो, मेगाहर्ट्झचा, आणि घेणाराही तेवढाच पाहून घेतो. मग जनरेटरमधला दोष सर्किटच्या नावावर जमा होतो. विद्यार्थी चांगला अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा पुन्हा उघडतो आणि शेवटी स्वतःच्या हातालाच दोष देतो.

स्वस्त म्हणजे कामचलाऊ, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. १९३९ साली बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी बाजारात आणलेला २००ए ऑडिओ ऑसिलेटर ५४ डॉलर ४० सेंट्सना विकला जात होता. प्रतिस्पर्ध्यांची उपकरणे त्याच्या कितीतरी पट महाग होती. वीन ब्रिज सर्किटमध्ये ह्यूलेट यांनी एक छोटा दिवा बसवला. आउटपुट वाढले की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि आउटपुट जागेवर येते. त्याच्याच पुढच्या मॉडेलचे, २००बीचे, आठ नग डिस्ने स्टुडिओने ‘फँटेशिया’ चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतले. ऑसिलेटर नेमका कुठे चुकतो हे कळले होते, म्हणून कमी खर्चात उत्तम काम झाले. आपल्या टेबलावरच्या जनरेटरबाबतही हाच मार्ग आहे.

सर्वांत स्वस्त किटमध्ये बहुधा एक्सआर २२०६ ही चिप असते. ती आधी कपॅसिटर भारून-रिकामा करून त्रिकोणी लहर तयार करते आणि मग तिची टोके गोलावून साईन वेव्ह बनवते. मूळ माहितीपत्रकानुसार ट्रिमिंग केल्यावर डिस्टॉर्शन सुमारे ०.५ टक्के, न केल्यास २.५ टक्के. मूळ उत्पादन थांबले आहे, त्यामुळे किटमधली चिप मूळ दर्जाची असेलच याची हमी नाही. टोन कंट्रोलचा आलेख काढायला, बंद पडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सिग्नल कुठे अडतो ते शोधायला, वर्गात लहरी दाखवायला हे किट पुरेसे आहे. पण एनई ५५३२ सारख्या ऑपअ‍ॅम्पवर बांधलेल्या प्रीअ‍ॅम्पचे डिस्टॉर्शन टक्क्याच्या काही हजाराव्या भागाइतके असते. ते या किटने मोजायला गेलो तर मीटरवर दिसते ते किटचेच डिस्टॉर्शन. त्या कामासाठी वीन ब्रिज ऑसिलेटर आजही घरी बांधावा. चांगला ऑपअ‍ॅम्प आणि दिवा वापरून ०.०१ टक्क्याखाली जाता येते.

बाकीचे बहुतेक जनरेटर डीडीएस पद्धतीचे असतात. आत एक स्थिर क्लॉक असतो. त्याच्या प्रत्येक ठोक्याला फेजच्या मोजणीत ठरावीक भर पडते, त्या फेजला साईनची किंमत किती ते तक्त्यातून उचलले जाते आणि डीएसी त्याचे व्होल्टेज करतो. एडी ९८५० या डीडीएस चिपचा क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा आणि मोजणी ३२ बिटांची, म्हणून फ्रिक्वेन्सी ०.०२९ हर्ट्झच्या पायऱ्यांनी बदलता येते. पायरी बारीक आहे म्हणून आकडा अचूक आहे असे मात्र नाही. अचूकता ठरते क्लॉकच्या क्रिस्टलवरून. क्रिस्टल ५० पीपीएमने सरकलेला असेल तर १० मेगाहर्ट्झ दाखवणारा जनरेटर ५०० हर्ट्झने चुकीचा असतो, मग पडद्यावर दशांशानंतर कितीही अंक असोत. हॅम मंडळींनी यातला एक भेद लक्षात ठेवावा. क्रिस्टल फिल्टरची रुंदी मोजताना ही चूक फारशी आड येत नाही, कारण सगळा आलेख एकत्रच सरकतो. रिसीव्हरची डायल लावताना मात्र ती पूर्णपणे अंगावर येते.

डीडीएसची दुसरी मर्यादा वरच्या टोकाला आहे. १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर ४० मेगाहर्ट्झ काढले की त्यासोबत ८५ मेगाहर्ट्झची प्रतिमाही बाहेर पडते आणि फिल्टर नसेल तर ती मूळ सिग्नलपेक्षा जेमतेम साडेसहा डेसिबलने खाली असते. बाजारातल्या अनेक मॉड्यूलवर दोन साईन आउटपुट असतात, एक फिल्टरमधून येणारे आणि दुसरे थेट. कुठले कोणते हे बोर्ड पाहूनच वायर जोडावी. खालच्या टोकाला डीएसीचे बिट महत्त्वाचे ठरतात. १० बिटांची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ६२ डेसिबल, १४ बिटांची ८६. पण बिट वाढले म्हणून पुढचा आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर तितका स्वच्छ होत नाही, आणि स्वस्त जनरेटरमध्ये काटकसर बहुधा तिथेच केलेली असते. १० मेगाहर्ट्झला २० व्होल्ट पीक-टू-पीक साईन हवी असेल तर त्या अ‍ॅम्प्लिफायरला दर मायक्रोसेकंदाला ६२८ व्होल्ट इतक्या वेगाने चढता-उतरता आले पाहिजे. ते जमत नाही म्हणून फ्रिक्वेन्सी वाढली की अ‍ॅम्प्लिट्यूड कमी करावे लागते, आणि डब्यावरचे ‘६० मेगाहर्ट्झ’ व ‘२० व्होल्ट’ हे दोन आकडे एकाच वेळी मिळत नाहीत.

स्क्वेअर वेव्हमध्ये दोष सहज लपतो. एडी ९८३३ चा क्लॉक सहसा २५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे दर ४० नॅनोसेकंदांना एक ठोका. चिपच्या स्क्वेअर आउटपुटची कड त्या ठोक्यावरच बदलू शकते. ३ मेगाहर्ट्झ मागितले तर एका आवर्तनात ८.३३ ठोके बसायला हवेत. ते शक्य नसल्याने आवर्तने ८, ८ आणि ९ ठोक्यांची येतात, म्हणजे ३२०, ३२० आणि ३६० नॅनोसेकंद. सरासरी अगदी बरोबर येते, म्हणून फ्रिक्वेन्सी काउंटर तक्रार करत नाही. पण या सिग्नलला क्लॉक मानून चालणाऱ्या सर्किटचे काम बिघडते. क्लॉकसाठी साधा क्रिस्टल ऑसिलेटर आणि विभाजक घ्यावा.

एसआय ५३५१ या चिपची गोष्ट उलट आहे. ती स्क्वेअर वेव्हच देते आणि मिक्सरला ती आवडते. फिल्टर तपासताना मात्र तिसरे हार्मोनिक फसवते, कारण ते मूळ लहरीपेक्षा फक्त साडेनऊ डेसिबलने खाली असते. १० मेगाहर्ट्झचा हायपास फिल्टर ५ मेगाहर्ट्झवर तपासला तर १५ मेगाहर्ट्झचे हार्मोनिक सरळ पलीकडे जाते. फिल्टर खरोखर ४० डेसिबल अडवत असला तरी डायोड डिटेक्टर दहाच्या आसपास दाखवतो. जनरेटरनंतर लोपास फिल्टर लावला की ही अडचण सुटते.

कमी पातळीच्या सिग्नलबाबत सावधगिरी जास्त हवी. ५० ओहमवर एक मायक्रोव्होल्ट म्हणजे −१०७ डीबीएम. प्लास्टिकच्या डब्यातल्या जनरेटरमधून याहून मोठा सिग्नल पॉवर कॉर्डवाटे आणि यूएसबीच्या वायरवाटे गळत असतो. तपासणी सोपी आहे. केबल जनरेटरपासून काढा आणि जनरेटर चालूच ठेवा. रिसीव्हरला सिग्नल तरीही ऐकू येत असेल, तर त्या जनरेटरने संवेदनशीलता मोजू नये. पातळी कमी करण्यासाठी मेनूत मिलिव्होल्ट टाकत बसण्यापेक्षा सिग्नल मोठा ठेवून बाहेर पत्र्याच्या डबीत बसवलेला अ‍ॅटेन्युएटर लावावा. ५० ओहमचा टर्मिनेटरही जवळ हवा, कारण उघड्या टोकाला ५ व्होल्ट देणारा जनरेटर ५० ओहमवर अडीचच देतो आणि पडद्यावरचा आकडा या दोहोंपैकी कशासाठी आहे हे मॉडेलगणिक बदलते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. काही लोकप्रिय जनरेटरमध्ये स्विचमोड पॉवर सप्लाय असतो आणि त्याला अर्थिंग जोडलेले नसते. सप्लायच्या दोन बाजूंमध्ये बसवलेल्या कपॅसिटरमुळे बीएनसीच्या बाहेरच्या कड्यावर अर्थच्या तुलनेत आपल्या २३० व्होल्ट मेन्सच्या निम्म्यापर्यंत व्होल्टेज तरंगते. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर वाहू देतो. त्याने माणसाला फार तर झिणझिण्या जाणवतील. पण अर्थ केलेल्या सर्किटला टोक लागते त्या क्षणी कपॅसिटरचा सगळा चार्ज आयसीच्या इनपुटमधून धावतो. एफईटी इनपुटचे ऑपअ‍ॅम्प आणि मायक्रोकंट्रोलरचे पिन असेच मरतात, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बीएनसीचे कडे आणि अर्थ यांमध्ये एकदा मोजून पाहा. व्होल्टेज दिसले तर आउटपुटचा कॉमन तीन पिनांच्या कॉर्डमधून अर्थला जोडून घ्या. डबा उघडला की आत मेन्स असते, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. त्याआधी भिंतीवरच्या सॉकेटचा अर्थ खरा आहे ना, तेही पाहावे. आपल्याकडे अनेक जुन्या घरांत तिसरे भोक असते पण त्यामागे वायर नसते. अर्थिंग केल्यानंतर मेन्सशी थेट जोडलेल्या सर्किटला जनरेटर कधीही लावू नये. आणि सर्किटशी जोडताना आधी कॉमन, मग सिग्नल, हा क्रम विद्यार्थ्यांच्या हाताला पहिल्या दिवसापासून लावावा.

या सगळ्याचा अर्थ जनरेटर घेऊ नये असा नाही. जरूर घ्यावा, आणि घेतल्यावर पहिली संध्याकाळ सर्किटला नव्हे, त्यालाच द्यावी. एका कागदावर पुढच्या नोंदी कराव्यात: कड्यावरचे तरंगते व्होल्टेज, ५० ओहमवरचे खरे अ‍ॅम्प्लिट्यूड, फ्रिक्वेन्सी टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन, स्क्वेअर वेव्हचा चढता काळ आणि कडांची थरथर, साऊंड कार्डवर मोजलेले १ किलोहर्ट्झचे डिस्टॉर्शन, आणि जीपीएसवर बांधलेल्या १० मेगाहर्ट्झ संदर्भाशी ताडलेली फ्रिक्वेन्सी. असा संदर्भ जवळपासच्या कॉलेजात किंवा हॅम क्लबात मिळू शकतो. तो कागद जनरेटरवर चिकटवावा आणि वर्षातून एकदा पुन्हा भरावा.

शिक्षकांना आमची विनंती आहे की जनरेटरची तपासणी हाच प्रयोगशाळेतला पहिला प्रयोग करावा. साधनाची मर्यादा स्वतः मोजलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, आणि सर्किट चुकले तर खचूनही जात नाही. विक्रेत्यांनी मेगाहर्ट्झच्या शेजारी चार गोष्टी छापाव्यात: कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत किती व्होल्ट, स्क्वेअर वेव्हची खरी मर्यादा, १ किलोहर्ट्झचे डिस्टॉर्शन, आणि अर्थिंग आहे की नाही. त्यासाठी किंमत वाढवावी लागत नाही. गिऱ्हाइकांनीही दुकानात उभे राहून हे चार प्रश्न विचारावेत. बाजार ज्याची विचारणा होते तेच छापतो, आणि विचारण्याची सुरुवात आपल्यापासूनच व्हायला हवी.

वाचकांनी आपापल्या जनरेटरच्या नोंदी आमच्याकडे मॉडेलच्या नावासह आणि मोजण्याच्या पद्धतीसह पाठवाव्यात. पडताळून पाहता येतील त्या सगळ्या आम्ही छापू. नवा जनरेटर घेऊ पाहणाऱ्या मुलाला जाहिरातीऐवजी दुसऱ्या कुणी मोजलेला आकडा वाचायला मिळाला, तर त्याचे पैसे वाचतील आणि वेळही वाचेल.