म्हणे भंगारात द्या!

"मामा, हे दोन्ही डबे भंगारात द्या," वडप्याच्या घरी आलेल्या भाच्याने फर्मावलं. का म्हणून? एकात आईचे शेवटचे फोटो आहेत आणि त्याची डिस्क कधीही राम म्हणेल. दुसरीत भरपूर जागा. मध्ये एक क्रॉसओव्हर केबल (एका टोकाला १-३ आणि २-६ तारांची अदलाबदल, बस!), १९२.१६८.०.१ आणि १९२.१६८.०.२ असे पत्ते, फोल्डर शेअर. झालं की मंडळी! २००५ साली आम्ही इंटरनेटही असंच वाटून घेतलं होतं. पण एक्सपीची डागडुजी २०१४ मध्येच थांबली, तेव्हा नेट आता फक्त लिनक्सवाल्या डब्याला. तेवढं भाच्याचं खरं. बाकी हायवेलगत एवढी गोदामं उठली, अडचण मात्र माझ्या टेबलाचीच!