दुर्बीण कोणासाठी?

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे पहिला शब्द उच्चारला जातो तो मूळव्याध. डोंबिवलीच्या कारखान्यातील कामगार तो स्वतःच स्वतःला सांगतो, कारण तो स्वस्त असतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींतील वैद्याचा तर सारा धंदाच त्या शब्दावर चालतो. वर्षभराने वजन उतरते, पोट फुगते आणि मग परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची रांग धरावी लागते. तोवर मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळदा आतड्याबाहेर पोचलेला असतो.

वस्तुतः हा रोग माणसाला अवधी देणारा आहे. आतड्याच्या अस्तरावरील लहानशा गाठीचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने केलेली आतड्याची तपासणी, ती गाठ दाखवते आणि बहुतेकदा त्याच बैठकीत काढूनही टाकते. एवढा अवधी मिळूनही माणसे मरतात, तेव्हा दोष केवळ रोगाचा राहत नाही. तो व्यवस्थेचा असतो.

सरकारी राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील नागरिकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाही. कारण असे दिले जाते की पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे या रोगाचे प्रमाण कमी आहे. प्रमाण कमी आहे हे खरे. परंतु या प्रचंड देशात दरवर्षी साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात, त्यांना हे गणित ऐकवून काय उपयोग? दुसरीकडे खाजगी रुग्णालये हीच तपासणी ‘पॅकेज’ म्हणून धनिकांना विकतात. एकाकडे नकार, दुसरीकडे बाजार. सामान्य माणसाला मधली वाटच नाही.

ती वाट काढता येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच तीस लाखांवर होती. त्यांत पन्नाशी ओलांडलेले पाच लाख धरू. प्रत्येकाची दहा वर्षांतून एकदा दुर्बिणीने तपासणी करावयाची म्हटले तर वर्षाला पन्नास हजार, म्हणजे कामाच्या दर दिवशी दोनशे तपासण्या! हे अशक्य. पण शौचातील अदृश्य रक्त शोधणारी साधी चाचणी दोन वर्षांतून एकदा केली, निम्म्या लोकांनीच ती दिली आणि शंभरांत पाच जणांत रक्त आढळले, असे धरले तर दिवसाला सुमारे पंचवीस दुर्बीण-तपासण्या पुरतात. तीन सुसज्ज खोल्यांचे हे काम आहे. जपानने अशी चाचणी 1992 पासून राष्ट्रीय पातळीवर चालवली आहे.

मात्र खोल्या आधी, चाचणी नंतर! नेदरलँड्सने 2014 मध्ये ही चाचणी सुरू केली, तेव्हा अपेक्षेहून अधिक लोकांत रक्त आढळले आणि दुर्बिणीची व्यवस्था अपुरी पडू लागल्याने चाचणीची मर्यादाच वाढवावी लागली. श्रीमंत देशाची ही गत, तर आपली काय होईल? ज्याच्या शौचात रक्त आढळले त्याला सहा महिन्यांनंतरची तारीख देणे म्हणजे माहिती देऊन केलेली क्रूरता होय.

आणि आपली स्थिती काय? ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. एवढ्या ताणाखाली असलेल्या संस्थेवर नवी जबाबदारी टाकायची तर डॉक्टर, परिचारिका, दुर्बिणी निर्जंतुक करणारे कर्मचारी आणि विकृतिशास्त्रज्ञ ही माणसे आधी हवीत. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये सार्वजनिक आरोग्यखर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. मुदत उलटली, वचन कागदावरच राहिले.

म्हणून मागणी साधी आहे. कळवा, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या रुग्णालयांत महिन्याला किती दुर्बीण-तपासण्या होतात आणि रुग्णाला किती दिवस थांबावे लागते, हे दोन्ही महापालिकांनी जाहीर करावे. रक्त पडणाऱ्या पन्नाशीपुढील प्रत्येक रुग्णाची तपासणी महिन्याच्या आत, विनामूल्य व्हावी. ते साधले की मगच सर्वांसाठी चाचणी सुरू करावी. उड्डाणपुलांसाठी पैसा उभा राहतो. तीन खोल्यांसाठी तो नाही, असे म्हणणाऱ्यांना मत मागण्याचा अधिकार कोणी दिला?